पुरुषी संप्रेरक, बायकी संप्रेरक : नाव आधी ठरले, रसायन नंतर सापडले

रानवेध (धागाकर्ता)

मुलगा वर्गात मारामारी करून आला की ‘टेस्टोस्टेरॉन आहे हो, वयच तसे आहे’ आणि एखादी बाई बैठकीत आवाज चढवून बोलली की ‘हार्मोन्सचा त्रास असेल’, ही दोन वाक्ये आता इतकी रुळली आहेत की ती शास्त्राने दिली की घरातली जुनीच समजूत नव्या नावाने फिरते आहे, हे कोणी तपासत नाही. पहिल्या वाक्यात हार्मोन ही सबब आहे, दुसऱ्यात तोच ठपका आहे. संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) परिणाम मला नाकारायचे नाहीत. ते नाकारता येण्यासारखे नाहीतच. माझे म्हणणे एवढेच की कोणत्या द्रव्याला पुरुषी म्हणायचे आणि कोणत्याला बायकी, हे ते द्रव्य हाती लागण्याच्या बरेच आधी ठरून गेले होते, आणि पुढे जे पुरावे या वाटणीत बसेनात त्यांच्याकडे आपण आजही काणाडोळा करतो.

सुरुवात कोंबड्यांपासून झाली. १८४९ मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा कोवळे कोंबडे घेऊन त्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. वृषणे काढून ज्यांना तसेच सोडले त्यांचा तुरा खुरटला, ते आरवेनात, झुंजेनात आणि माद्यांकडे फिरकेनात. ज्यांच्या पोटात वृषण भलत्याच जागी परत बसवले ते मात्र चारचौघांसारखे कोंबडे झाले. मज्जातंतूंचा संबंध तुटलेला असूनही परिणाम झाला, त्या अर्थी वृषणातून काहीतरी थेट रक्तात मिसळत असले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे.

पुढचा टप्पा मात्र इतका स्वच्छ नाही. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये चार्ल्स-एदुआर ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने जाहीर केले की कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्यापासून आपली ताकद, कामाचा उरक आणि लघवीच्या धारेचा जोरसुद्धा वाढला आहे. वृषणात टेस्टोस्टेरॉन हे ‘पुरुषी’ संप्रेरक तयार होते, पण साठून राहत नाही, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेव्हा त्या पाणीदार अर्कात ते औषधापुरतेही नसणार. म्हाताऱ्या प्राध्यापकांना जे जाणवले ती त्यांची श्रद्धा होती. तरीही अर्क खपले, आणि नंतर माकडांच्या वृषणांचे तुकडे माणसांत बसवणारे सर्ज व्होरोनॉफही गाजले. व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टाइनाख यांनी तारुण्य परत आणण्यासाठी शुक्रवाहिनी बांधण्याची जी शस्त्रक्रिया काढली, ती १९२३ मध्ये खुद्द सिग्मंड फ्रॉइड यांनी करून घेतली होती. ‘हार्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला. पुरुषत्व कुपीत भरता येते ही कल्पना त्या शब्दाहून जुनी आहे.

खरी गंमत त्यानंतरची आहे. १९२७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अर्न्स्ट लाकेर यांच्या प्रयोगशाळेत निरोगी पुरुषांच्या मूत्रात ‘स्त्री-संप्रेरक’, म्हणजे इस्ट्रोजेन, सापडले. हे अन्नातून आले असावे, असे काहींनी सुचवून पाहिले. १९३४ मध्ये बेर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवले की चांगल्या धडधाकट घोड्याच्या, म्हणजे नराच्या, मूत्रात हे संप्रेरक प्रचंड प्रमाणात असते. मर्दानगीचे प्रतीक म्हणून ज्या जनावराचे पुतळे चौकाचौकांत उभारले जातात, ते इस्ट्रोजेनचा चालता कारखाना निघाले. दरम्यान १९३१ मध्ये आडोल्फ बूटेनांट यांनी पोलिसांकडून जमवलेल्या सुमारे १५,००० लिटर मूत्रातून अवघे १५ मिलिग्रॅम ‘पुरुषी’ द्रव्य वेगळे केले, आणि १९३५ मध्ये वळूंच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन मिळाले. ही रसायने एकमेकांची सख्खी भावंडे आहेत, हे मग उघड झाले. स्त्रीच्या अंडाशयात इस्ट्रोजेन थेट बनत नाही; आधी टेस्टोस्टेरॉनच्या जातीचे द्रव्य बनते आणि मग ॲरोमटेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे इस्ट्रोजेन करते. म्हणजे स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेनचा प्रत्येक रेणू आधी ‘पुरुषी’ होता.

यातले बरेच काही ठाऊक होऊन नव्वद वर्षे उलटली, तरी शालेय पुस्तकांत आणि औषधांच्या जाहिरातींत वाटणी जुनीच आहे. आपापल्या क्षेत्रात याविषयी काय दिसते, ते जाणकारांनी लिहावे.


प्रतिसाद : खिलार

माझी नोकरी पशुसंवर्धन खात्यात, बहुतेक माणदेशात झाली, म्हणून कोंबड्यांऐवजी खोंडांविषयी लिहितो.

खोंड कधी बडवायचा (खच्ची करायचा) यावर आमच्याकडे घरोघर मतभेद असतात. आदत (दुधाचे दात असलेला) असतानाच बडवण्याचा चिमटा लावला तर जनावर उंच आणि लांब पायांचे होते, पण मान बारीक राहते आणि वशिंड भरत नाही. दुसा (दोन पक्के दात आलेला) होईपर्यंत थांबले तर मान-वशिंड भरलेले मिळते आणि जू चांगले पेलते, परंतु तोवर खोंड मारका झालेला असेल तर ती खोड चिमट्याने पूर्ण जात नाही. काम करताना खोंडाला आडवे पाडून पाय बांधतात, वृषणाच्या वर कातडीखाली बोटाला लागणारी नाडी एका कडेला सरकवून धरतात आणि बर्डिझोचा चिमटा मिटतात. आत कच्चकन दबल्याचे हाताला कळते. कातडी फाटत नाही, रक्ताचा थेंब येत नाही, आणि रक्तपुरवठा तुटल्यामुळे पुढच्या काही आठवड्यांत वृषण आक्रसते. अवजार इटालियन असले, तरी वृषण गेले की बैल शांत होतो हे ज्ञान गावोगावी पूर्वापार आहे. त्यासाठी कोणालाही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागली नाही.

मात्र आक्रमकता म्हणजे नरपणा, हे समीकरण मला कधीच पटले नाही. उभ्या नोकरीत मी ज्या जनावराजवळ सर्वांत जपून गेलो ते वळू नव्हे, नुकतीच व्यालेली गाय होय. वळू आधी फुरफुरतो, माती उकरतो, मान वाकडी करून अंग दाखवतो, त्यामुळे माणसाला बाजूला होण्यास वेळ मिळतो. वासराच्या मागे उभी असलेली गाय असली कोणतीही सूचना देत नाही.

जाणकारांना एक विचारतो. लवकर बडवलेले खोंड उंच का होते? पुरुषी द्रव्याने वाढ होते असे म्हणतात, मग ते काढून घेतल्यावर पाय आखूड व्हायला हवेत.


प्रतिसाद : अंतःस्राव

खिलारकाका, आपल्या प्रश्नाचे उत्तर धागाकर्त्यांच्या मुद्द्याला बळ देणारेच आहे. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात आणि त्या मिटल्या की उंची थांबते. त्या मिटवण्याचे काम मुलींमध्ये तर इस्ट्रोजेन करतेच, पण मुलांमध्येही तेच करते. मुलाच्या वृषणांतील टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग ॲरोमटेजमुळे इस्ट्रोजेन होतो आणि तो हाडांवर काम करतो. वृषणे नसली की हाही पुरवठा थांबतो, चकत्या उशिरापर्यंत उघड्या राहतात आणि पाय वाढत जातात. याचा माणसातील पुरावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाच्या पेशींत इस्ट्रोजेनचा संदेश घेणारे ग्राहीच जन्मतः निकामी होते. त्याचे टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते, दिसायलाही तो चारचौघांसारखा पुरुष होता. पण उंची २०४ सेंटिमीटर झाली होती, ती अजून वाढत होती आणि हाडे मात्र ठिसूळ झाली होती. पुरुषाचा मजबूत सांगाडा घडतो तो ‘बायकी’ म्हटलेल्या संप्रेरकामुळे.

पक्ष्यांचे उदाहरण याहून मजेदार आहे. कोंबड्याचा तुरा टेस्टोस्टेरॉनवर पोसतो हे खरे, पण कोंबडा किंवा मोर यांच्या रंगीत पिसांना टेस्टोस्टेरॉन लागत नाही. या कुळात झगमगीत पिसे हाच मूळ आराखडा असतो आणि अंडाशयाचे इस्ट्रोजेन मादीला साधी पिसे देते. लांडोरीचे अंडाशय म्हातारपणी किंवा आजाराने निकामी झाले तर पुढच्या पिसझडीनंतर तिलाही पिसारा फुटू शकतो. मोराचा पिसारा पाहून पुरुषी द्रव्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तथापि धागाकर्त्यांना एक सावधगिरीची सूचना करतो. स्नायूंचा भार, रक्तातील हिमोग्लोबिन, दाढी-मिशी, घोगरा आवाज हे टेस्टोस्टेरॉनचे परिणाम निःसंशय आहेत. वागणुकीवरही त्याची काहीच छाया पडत नाही, असे म्हणता येणार नाही. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात मुलींच्या शरीरात गर्भावस्थेपासून पुरुषी संप्रेरके जास्त असतात. अशा मुली सरासरीने गाड्या, ठोकळे आणि दांडगे खेळ अधिक पसंत करतात, असे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. त्याच वेळी त्यांतील बहुसंख्य मुली स्वतःला मुलगीच मानतात. परिणाम आहे, पण तो खेळण्यांच्या आवडीचा आहे.

आता दवाखान्यातील गोष्ट. पीसीओडी (अंडाशयाचा एक सामान्य संप्रेरक-विकार) असलेली कॉलेजची मुलगी हनुवटीवर केस आले म्हणून येते. सोबतची आई तिला बाहेर बसवते, दार लोटते आणि हळूच विचारते, ‘डॉक्टर, पुरुषी हार्मोन वाढलेत असे रिपोर्टात लिहिले आहे, मुलगी मुलगीच राहील ना?’ मुलीचे टेस्टोस्टेरॉन स्त्रियांच्या नेहमीच्या मर्यादेच्या जरासे वर असते आणि पुरुषांच्या किमान पातळीपेक्षा पुष्कळ खाली. टेस्टोस्टेरॉन प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असते, किंबहुना वजनाने मोजले तर तिच्या रक्तात इस्ट्रॅडिओलपेक्षा (मुख्य इस्ट्रोजेनपेक्षा) ते सहसा अधिकच असते, हे मी सांगतो तेव्हा आईला धीर येण्याऐवजी आणखीच काळजी वाटू लागते. आजाराची भीती औषधांनी कमी करता येते, नावाची करता येत नाही.


प्रतिसाद : तर्ककठोर

इतिहास रंजक आहे, पण त्यातून निघणारा सूर मला एकांगी वाटतो. नाव कोणी कसे ठेवले, यावरून द्रव्य काय करते हे ठरत नाही. प्रौढ पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन ढोबळमानाने लिटरला ८ ते ३० नॅनोमोल (द्रव्य मोजण्याचे एक सूक्ष्म एकक) असते आणि बहुतेक स्त्रियांमध्ये दोनच्या खाली. उंची किंवा वजनासारखे हे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत, मधे मोठी दरी आहे. वयात येण्यापूर्वी मुलगे-मुली जवळजवळ सारख्याच वेगाने धावतात, आणि त्यानंतर अव्वल धावपटूंमध्ये दहा ते बारा टक्क्यांचे अंतर पडते ते कायमचे. हे अंतर समाजाच्या समजुतींनी पडलेले नाही.

दुसरे असे की हिंसक गुन्हे करणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण सर्व देशांत आणि सर्व काळांत जास्त आढळते. त्याला संगोपन कारण असेलच, पण इतक्या भिन्न समाजांत संगोपनाचा परिणाम एकाच दिशेने का होतो, याचे उत्तर ‘समजूत’ या एका शब्दात देता येत नाही. सर्व काही संप्रेरकांवर ढकलणे हा जसा आळस आहे, तसाच सर्व काही समाजावर ढकलणे हाही आळसच आहे.


प्रतिसाद : धावपट्टी

मी जिल्हा पातळीवर मुलींना मध्यम पल्ल्याचे धावणे शिकवतो. तर्ककठोर यांनी दिलेले अंतर खरे आहे आणि स्त्रियांसाठी वेगळा गट असलाच पाहिजे, याबद्दल मैदानावर कोणाचेही दुमत नाही. अडचण गटाच्या दारावर कोण उभे राहते आणि कोणाला थांबवते, ही आहे.

२००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांनी ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवले आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले. २०१४ मध्ये ओडिशाच्या द्युती चंद यांना, नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन स्त्री गटासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त म्हणून, ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी वगळण्यात आले. त्या क्रीडा लवादाकडे गेल्या आणि २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला, कारण नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे अशा खेळाडूंना नेमका किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाला देता आला नव्हता. त्या वेळी मर्यादा १० नॅनोमोल होती. २०१८ च्या नियमांत ती ५ झाली, पण फक्त ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींसाठी. त्यामुळे १०० मीटर धावणाऱ्या द्युती सुटल्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या ८०० मीटर धावपटू कॅस्टर सेमेन्या अडकल्या. २०२३ मध्ये मर्यादा २.५ झाली आणि सर्व शर्यतींना लागू झाली, आणि २०२५ पासून जागतिक स्पर्धांसाठी वाय गुणसूत्रावरील एका जनुकाची चाचणी सक्तीची झाली. बाई कोणाला म्हणायचे, हा निसर्गाचा इतका उघड नियम असता तर तो इतक्या वेळा बदलावा लागला नसता.

रक्तातील आकडाही पुरेसा नसतो. स्पेनच्या अडथळा-धावपटू मारिया होजे मार्तिनेझ-पातिन्यो यांना १९८५ मध्ये गुणसूत्रांच्या चाचणीवरून बाद केले गेले. त्यांची गुणसूत्रे पुरुषांप्रमाणे एक्स-वाय होती, पण पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हत्या. ते शरीरात कितीही असले तरी त्यांना त्याचा उपयोग शून्य होता. १९८८ मध्ये त्यांना परत घेतले, तोवर उमेदीची वर्षे निघून गेली होती.

आणि सक्तीची सरसकट चाचणी नव्हती तेव्हा संशय कोणावर घेतला जाई? सपाट छाती, रुंद खांदे, जाडसर आवाज, ओठांवर लव असलेल्या मुलींवर. माझ्याकडील एका मुलीविषयी स्पर्धेच्या वेळी समोरच्या संघाच्या पालकांनी आरडाओरडा केला, तेव्हा त्यांच्या हातात कोणताही रिपोर्ट नव्हता. तिचे केस बारीक कापलेले होते आणि ती पहिली आली होती.


प्रतिसाद : रानवेध

तर्ककठोर, ‘सर्व काही समाजाने लादले’ असे मी म्हटलेले नाही. शरीरावरील परिणाम मला मान्य आहेत. माझा आक्षेप शरीरावरून स्वभावावर घेतलेल्या उडीला आहे. आपण वागणुकीचा विषय काढलात म्हणून दोन अभ्यास मांडतो.

झुरिकमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्त्रियांना जिभेखाली अर्धा मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन किंवा निव्वळ दिखाऊ औषध दिले आणि मग पैसे वाटून घेण्याचा एक खेळ खेळायला लावला. एकीने वाटणी सुचवायची, दुसरीने ती स्वीकारायची किंवा फेटाळायची. फेटाळली तर दोघींनाही काही मिळत नाही. ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरॉन मिळाले होते त्यांनी अधिक न्याय्य वाटणी सुचवली. मात्र आपल्याला टेस्टोस्टेरॉन दिले आहे असे ज्यांना वाटत होते, मग ते खरोखर दिलेले असो वा नसो, त्यांनी समोरचीला कमी देऊ केले. द्रव्याने एक केले आणि द्रव्याविषयीच्या कल्पनेने त्याच्या उलट केले. ब्राउन-सेकार यांच्या अर्कानंतर एकशेवीस वर्षांनी तीच गोष्ट मोजमापासह पुन्हा समोर आली.

दुसरा अभ्यास फिलिपिन्समधील सेबू शहराचा असून तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे ६२४ तरुणांचे टेस्टोस्टेरॉन २००५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये मोजले. मधल्या काळात जे बाप झाले त्यांची पातळी बरीच उतरली, आणि जे रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचे काही ना काही करीत होते त्यांची तर इतर बापांपेक्षाही कमी आढळली. म्हणजे बाण उलट दिशेनेही जातो. पुरुष घरात काय करतो, यावर त्याचे संप्रेरक हलते. १९९४ च्या विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात तर नुसता पडद्यावर सामना पाहणाऱ्या ब्राझीलच्या चाहत्यांचे टेस्टोस्टेरॉन विजयानंतर वाढले आणि इटलीच्या चाहत्यांचे घसरले, असे एका छोट्या अभ्यासात आढळले.

खिलारकाकांच्या खोंडाची खोड चिमटा लावल्यावरही जात नाही, ती याच कारणाने, असे मला वाटते. एकदा शिकलेली वागणूक पुढे द्रव्यावाचूनही चालू राहते.


प्रतिसाद : तर्ककठोर

सेबूच्या अभ्यासातील अर्धाच भाग आपण सांगितला. आरंभी ज्यांचे टेस्टोस्टेरॉन जास्त होते, तेच पुढील चार वर्षांत जोडीदार मिळवून बाप होण्याची शक्यता अधिक होती, असेही त्यात आहे. म्हणजे बाण दोन्ही दिशांनी जातो, एकाच नव्हे. आणि एकदा दिलेल्या अर्ध्या मिलिग्रॅमचा काही तासांतील परिणाम व वयात येताना वर्षानुवर्षे चालणारा परिणाम यांची तुलना मला गैरलागू वाटते. शरीरावरून स्वभावावर घेतलेली उडी फार लांबची असते, एवढे आपले म्हणणे असेल तर माझा त्यास विरोध नाही. उडी मुळीच घेता येत नाही, असे असेल तर आहे.


प्रतिसाद : नवा_आवाज

मी पारलिंगी (जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेला) पुरुष आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेतो, त्यामुळे येथील चर्चेतील द्रव्य माझ्या परिचयाचे आहे. आपणांपैकी अनेकांना कुतूहल असते म्हणून लिहितो.

शरीरात जे व्हायचे ते पुस्तकाप्रमाणे झाले : स्वरतंतू जाड झाले, आवाज आधी फाटला आणि मग खाली स्थिरावला, घामाचा वास बदलला, भूक वाढली, मुरुमे आली. स्वभाव बदलला का, असे सर्व जण विचारतात. राग वाढला, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. रडू पूर्वीइतके चटकन येत नाही, असे म्हणता येते. पण ते द्रव्यामुळे की इतक्या वर्षांची घुसमट संपल्यामुळे, हे मलाच वेगळे काढता येत नाही, तर बाहेरच्याला कसे येईल?

सर्वांत मोठा बदल माझ्यात झाला नाही, तो फोनच्या दुसऱ्या टोकाला झाला. घराच्या कर्जाच्या एका तक्रारीसाठी मी पूर्वी फोन करीत असे, तेव्हा ‘मॅडम, घरातल्या कोणाला तरी बोलायला देता का’ असे ऐकावे लागे. तीच तक्रार, तोच मी, तेच मुद्दे. आवाज उतरल्यानंतर ‘सर, दोन मिनिटे थांबा, साहेबांना जोडून देतो’ असे उत्तर येऊ लागले. कामावरच्या बैठकीत माझे वाक्य मधेच तोडणे कमी झाले. पूर्वी ज्याला ‘चिडचिड’ म्हणत त्याला आता ‘स्पष्टवक्तेपणा’ म्हणतात. लोक माझे ऐकून घेऊ लागल्यामुळे मी हळूहळू अधिक ठामपणे बोलू लागलो, आणि आता नवीन ओळखीचे लोक म्हणतात की हा मुळातच आत्मविश्वासाचा माणूस दिसतो. स्वरतंतूंवर चढलेला थर मोजता येईल. बाकीचे श्रेय कोणाच्या खात्यावर टाकायचे, ते तर्ककठोर यांनीच ठरवावे.


प्रतिसाद : नाट्यवेडी

वरील प्रतिसाद वाचून बालगंधर्वांची आठवण होणे अपरिहार्य आहे. जे शरीराने पुरुष होते, ज्यांचा संसार होता, त्या नारायणराव राजहंसांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्राला ‘बाईने कसे दिसावे’ हे शिकवले. शालू कसा नेसावा, पदर कसा सावरावा, अंबाड्यावर वेणी कशी माळावी, मान किती वळवावी, लाजावे कसे, हे पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांना पाहून उचलत असत. पुढे अंगाने स्थूल झाल्यावरही ते भामिनी आणि सिंधू म्हणून उभे राहत आणि प्रेक्षक मान डोलावत. आमच्या पणजीच्या पिढीने जो नखरा ‘जातिवंत बायकी’ मानला, त्याचा नमुना एका पुरुषाने तालमीत घडवला होता.

इस्ट्रोजेन वक्ष देते, कमरेचा आकार देते. पदर सावरण्याची लकब देत नाही.


प्रतिसाद : विरळ_केशरी

एक छोटासा तपशील. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले की वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणे गेली त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि घराण्यात टक्कल असलेल्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की पडू लागते. म्हणजे पुरुषी द्रव्याची सर्वांत ठळक खूण आम्ही डोक्यावर मिरवतो, तरी लग्नाच्या बाजारात आमचा भाव उतरतोच. मर्दानी खुणांतल्या कोणत्या मोजायच्या, हे वधूपक्ष ठरवतो असे दिसते.


प्रतिसाद : जुनी_मासिके

ब्राउन-सेकार यांच्या अर्कासारख्या कल्पनांना आपल्याकडे इतक्या सहज जागा का मिळते, याचे उत्तर येथील मातीत आहे. वीर्य म्हणजे बळ, ते रक्ताच्या अमुक इतक्या थेंबांतून बनते आणि ते राखले की तेज चढते, ही समजूत येथे आधीपासून पक्की होती. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या समजुतीशी भांडत राहिले आणि त्यापायी त्यांनी खटले ओढवून घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. वीर्यनाशाच्या भीतीने खंगलेल्या तरुणांना आज ‘टेस्टोस्टेरॉन वाढवा’ असे सांगणाऱ्या गोळ्या विकल्या जातात. गिऱ्हाईक तेच आहे, बाटलीवरचा कागद बदलला आहे.


प्रतिसाद : अंतःस्राव

जुनी_मासिके यांच्या मुद्द्याला जोडून व्यायामशाळांविषयी लिहिणे आवश्यक वाटते. पिळदार शरीरासाठी जी मुले कोणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची किंवा त्याच्या भाऊबंदांची इंजेक्शने घेतात, त्यांच्या मेंदूतील पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीला रक्तात भरपूर माल दिसतो आणि ती वृषणांना आदेश देणे थांबवते. परिणामी वृषणे लहान होतात, शुक्राणू घटतात, काहींच्या बाबतीत शून्यावर येतात. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचे ॲरोमटेजमुळे इस्ट्रोजेन होते आणि छातीवर स्तनांची गाठ येते. असा मुलगा माझ्यासमोर शर्ट काढायला तयार नसतो. लग्नाला वर्ष होऊनही मूल नाही म्हणून पत्नीच्या सर्व तपासण्या झालेल्या असतात; त्याने काय टोचून घेतले, हे घरात कोणी विचारलेले नसते, कारण दंडाकडे पाहून त्याच्या पुरुषत्वाची खात्री सर्वांना आधीच पटलेली असते.


प्रतिसाद : ओसरी

विषयाला धरूनच एक व्यक्तिगत प्रश्न विचारते, डॉक्टरांनी जमल्यास उत्तर द्यावे. माझा मुलगा दहावीत असून पंधरावे लागले आहे. मिशी फुटलेली नाही, आवाज कोवळा आहे आणि उंची कमी असल्याने तो वर्गात सर्वांत पुढे बसतो. माझे दीर प्रत्येक समारंभात ‘अजून काकडी कोवळीच आहे’ म्हणून हसतात आणि मुलगा आता कोणाच्या घरी यायला तयार नसतो. टेस्टोस्टेरॉन वाढवणारी पावडर आणण्याचा आग्रह घरातून होत आहे. रक्ततपासणी करून घ्यावी का?


प्रतिसाद : अंतःस्राव

ओसरीताई, पावडर मुळीच आणू नका.

मुलांमध्ये वयात येण्याची सुरुवात नऊ ते चौदा या वर्षांत केव्हाही होऊ शकते, आणि तिची पहिली खूण मिशी किंवा आवाज ही नसून वृषणांचा आकार वाढणे ही असते. मिशी बरीच नंतर येते. चौदा पूर्ण होऊनही वृषणे वाढलेली नसतील तर अंतःस्रावतज्ज्ञांना दाखवावे, हा साधा नियम आहे. म्हणजे आपल्या मुलाला एकदा दाखवून घेणे योग्य ठरेल. आपल्या यजमानांना किंवा त्यांच्या भावांना मिशी कधी आली, हे विचारून ठेवा, कारण उशिराने वयात येणे पुष्कळदा घराण्यातच असते आणि अशी मुले दोन-तीन वर्षांनी आपोआप बरोबरीला येतात. कोण जाणे, हसणाऱ्या दिरांचाही तोच इतिहास निघेल.

तपासणीत डॉक्टर डाव्या हाताचा मनगटासह एक्स-रे काढतील, त्यावरून हाडांचे वय कळते. ते खऱ्या वयापेक्षा मागे असेल तर उंची वाढण्यास अजून वाव आहे, ही चांगली बातमी समजावी. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळीच द्यावे, कारण ते तेव्हा सर्वाधिक असते. गरज वाटल्यास काही महिन्यांपुरती कमी मात्रेची इंजेक्शने देतात, पण तो निर्णय तपासणीनंतरचा आहे. जाताना मुलाला सोबत घ्या आणि खोलीत डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या. काकांच्या थट्टेविषयी तो तुमच्यासमोर बोलणार नाही.